अब्बांची पद्मिनी आणि रंगाआधीचं काम

अब्बा गेल्यानंतर त्यांची पद्मिनी नऊ वर्षं अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. गेल्या ईदला अम्मी सहज म्हणाली, "पुढच्या ईदला मला याच गाडीतून माहेरी न्या." झालं! धाकट्या भावाने त्याच संध्याकाळी रंग, सीट कव्हर आणि टेपचा हिशेब मांडला. दुसऱ्या दिवशी अब्बांच्या ओळखीचे उस्ताद आले. त्यांनी दार उघडून फक्त ब्रेकचं पेडल दाबलं. ते थेट तळाला टेकलं. "रंग मागाहून," एवढंच ते म्हणाले.

पद्मिनी म्हणजे मूळची इटलीची फियाट ११००. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात ती बनायची आणि १९७०च्या दशकात तिला पद्मिनी हे नाव मिळालं. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३मध्ये निवृत्त झाली. पण घरोघरच्या शेडमध्ये अजून कितीतरी उभ्या आहेत, आणि त्या बाहेर काढणारे बहुतेकजण माझ्या भावासारखेच रंगापासून सुरुवात करतात.

उभ्या गाडीचे ब्रेक न वापरताच खराब होतात. ज्याला आपण 'ब्रेक ऑइल' म्हणतो ते खरं तर तेल नसतंच. डॉट ३ जातीचा हा द्रव हवेतला ओलावा शोषून घेतो. कोकणच्या दमट हवेत तर विचारूच नका. तो ओलावा मास्टर सिलिंडर आणि चाकांमधल्या छोट्या सिलिंडरांना आतून गंजवतो. नाव 'ऑइल' म्हणून कुणी इंजिनाचं तेल ओतलं, तर रबरी वॉशर फुगून निकामी होतात. त्यातून त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत चारही चाकांना एकच मार्ग. एक नळी गळली की चारही ब्रेक गेले. उरला फक्त तारेवरचा हँडब्रेक.

उस्तादांनी गाडी लोखंडी घोड्यांवर चढवली. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली ते कुणालाही जाऊ देत नाहीत. चारही ड्रम उघडल्यावर माझा पुतण्या आतली धूळ फुंकायला वाकला, तसे ते ओरडलेच. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ती धूळ फुप्फुसात गेली की जन्माचं दुखणं. एअरच्या पाइपनेही ती उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. मुलांना आम्ही घरात पाठवलं.

एका मागच्या चाकाचा सिलिंडर गळून लायनर भिजलं होतं. भावाला वाटलं, तेवढं एकच बदलावं. पण एका बाजूला नवं आणि दुसऱ्या बाजूला जुनं लायनर असलं, तर ब्रेक लावताच गाडी एकीकडे ओढते. म्हणून दोन्हीकडचं बदललं, आणि लेथवर ड्रमही जोडीनेच घासून घेतले. रबरी होज वरून ठणठणीत दिसत होते. कापून पाहिले तर एकाचं आतलं भोक फुगून जवळजवळ बुजलेलं. अशा होजमधून दाबाने द्रव आत जातो, पण पाय काढल्यावर परत येत नाही आणि चाक धरून राहतं.

सुटे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळाले. गाडी जन्मली कुर्ल्यात, तिचे अवयवही तिथेच! दुकानदाराने वॉशरचं एक किट कौतुकाने दाखवलं, वीस वर्षांचं, खोक्यातून न काढलेलं. उस्तादांनी ते नाकारलं. वापरलं नसलं तरी रबर म्हातारं होतंच.

हेच टायरचंही. आमच्या टायरांची नक्षी शाबूत होती, पण बाजूंना बारीक भेगा होत्या आणि बरीच वर्षं एकाच जागी उभं राहून खालचा भाग चपटा झाला होता. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात: २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. २००० सालाआधीच्या टायरवर तीनच आकडे असत. विकत घेण्याआधी ते वाचा. साधे आणि रेडियल टायर एकाच एक्सलवर मिसळू नका. टायर काढले की रिमही तपासा. आमच्या एका रिमला, टायरची कड जिथे बसते तिथेच, गंजाने खड्डे पाडले होते. तो वाकडा रिम सरळ करण्यापेक्षा बाजारातून दुसरा आणला.

शेवटी हवा काढायची. सर्वांत लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात. पुतण्या पेडल दाबून धरायचा, उस्ताद निपल सैल करायचे, पुन्हा आवळायचे. बुडबुडे थांबेपर्यंत दुपार गेली. त्या दिवशी पोराचा पाय इतका दुखला की रात्री अम्मीने तेल लावून दिलं.

संध्याकाळी रिकाम्या मैदानात भावाने गाडी वीसच्या वेगाने नेऊन ब्रेक दाबला. दोन्ही हात स्टिअरिंगवरून किंचित उचलून. गाडी नाकासमोर थांबली. मग अम्मी मागच्या सीटवर बसली, खिडकीची काच खाली केली आणि म्हणाली, "याच बाजूला बसायचे मी."

गाडीवर अजून जुनाच फिकट रंग आहे. तो पावसाळ्यानंतर.