गोरिला बघायचाय? आधी सिंहगड चढा!

रात्री रील्स बघताना तो व्हिडिओ तुमच्याही समोर आलाच असेल. दाट जंगल, रेनकोट घातलेले चार-पाच जण आणि त्यांच्यासमोर निवांत पाला खात बसलेला, रुपेरी पाठीचा भलामोठा गोरिला. लगेच ग्रुपवर मेसेज पडतो, ‘चला रे, जाऊ या!’ हा प्लॅनही गोव्यासारखा ग्रुपवरच मरू द्यायचा नसेल, तर आधी हिशेब मांडू.

गोरिला म्हैसूरच्या झूमध्येही आहेत, पण ते सखल जंगलातले. रीलमधला डोंगरी गोरिला जगातल्या कुठल्याच झूमध्ये नाही. युगांडा, रवांडा आणि कांगो मिळून ते हजाराच्या थोडे वर आहेत, बस्स. कांगोत सशस्त्र संघर्ष चालू आहे, तो पर्याय सोडा. रवांडाचं परमिट १५०० डॉलरचं, युगांडाचं ८०० डॉलरचं, म्हणजे साधारण ७० हजार रुपये. विमान, गाडी, राहणं वेगळं. मला विचाराल तर युगांडाच. मुंबईहून एंटेबेला थेट विमान २०२३ मध्ये सुरू झालं. तिथून बविंडीच्या जंगलापर्यंत रस्त्याने आठ-दहा तास, पुणे-गोवा बससारखे.

आणि ७० हजारांत मिळतं काय? गोरिलांसोबत एक तास. लूट वाटते ना? पण एका कुटुंबाला दिवसातून एकदाच, जास्तीत जास्त आठ पर्यटक भेटतात. १९८०च्या दशकात हे गोरिला काही शेकड्यांवर आले होते. आज संख्या वाढतेय, त्यात या पैशाचा मोठा वाटा आहे. रवांडात पर्यटनाच्या उत्पन्नातला १० टक्के हिस्सा जंगलाशेजारच्या गावांना जातो. ज्याच्या शेतात गोरिला घुसतो, त्याला तो जिवंत राहण्यात काही मिळायला नको?

आता खरी परीक्षा. आपली साधी सर्दी गोरिलाला होऊ शकते आणि त्याच्या जिवावर बेतू शकते. म्हणून मास्क, १० मीटर अंतर, आणि आजारी माणसाला सरळ माघारी पाठवतात. समजा, दोन वर्षं पैसे साठवून तिथे पोचलात आणि त्याच सकाळी घसा खवखवला. गाइडला सांगाल? की गोळी घेऊन गप्प बसाल? याचं उत्तर तिकीट काढण्याआधीच स्वतःला देऊन टाका.

बाकी तयारी सोपी आहे. यलो फीव्हरची लस सरकारमान्य केंद्रात, निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्या. कार्ड हरवू नका, नाहीतर परतताना सहा दिवस क्वारंटाइन! बविंडीत उंची २६०० मीटरपर्यंत जाते. आपलं कळसूबाई १६४६. चिखल, खाजऱ्या वनस्पती, पायवाट नाही. तेव्हा भर पावसात सिंहगड चढायची सवय लावा, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि हातमोजे घ्या. तिथे पाऊस कमी असतो तो जून ते सप्टेंबर आणि डिसेंबर ते फेब्रुवारी. आपल्या परीक्षा बघून महिना ठरवा.

पैसे साठेपर्यंत सराव करायला भीमाशंकर आहेच. आपला राज्यप्राणी शेकरू तिथे राहतो. सकाळी लवकर, मंदिराच्या गर्दीपासून लांब, ब्लूटूथ स्पीकर घरी ठेवून जा. झाडांच्या शेंड्यांकडे बघत अख्ख्या ग्रुपने तासभर गप्प बसून दाखवा.