पटावरील प्राचीन पशु

लहान मुलाच्या हातांतील मातीचा बैल आणि प्रौढाच्या मेजावरील रंगविलेला प्राचीन पशु यांत वाटतें तेवढें अंतर नाहीं. पोळ्याला ज्या घरीं बैल नसतो, त्या घरीं मातीच्या बैलांची पूजा होते. दिवाळींत अंगणांतील किल्ल्यावर मावळे, तोफा आणि गुहेच्या तोंडाशीं वाघ मांडण्याची हौस महाराष्ट्रांत घरोघर परिचयाची आहे. ह्याच हौसेला नियम, मोजमाप आणि अभ्यास यांची जोड मिळाली म्हणजे तिला छंदाचें स्वरूप येतें. मेजावर लुटुपुटीचें रणांगण मांडून, पट्टीनें अंतरें मोजून लढाई खेळण्याचा असा एक छंद पाश्चात्त्य देशांत रुजला आहे. इंग्रज ग्रंथकार एच्. जी. वेल्स यांनीं १९१३ सालीं ‘लिटल् वॉर्स’ या पुस्तकांत खेळण्यांतल्या शिपायांच्या लढाईचे नियम प्रसिद्ध केले. पुढें शिपायांच्या जोडीला त्या पटावर आदिमानव, केसाळ हत्ती आणि डायनोसॉरहि आले.

या खेळांतील पहिली गोष्ट प्रमाणाची. पुष्कळ संग्राहक माणसाची प्रतिमा सुमारे २८ मिलिमीटर उंचीची धरतात. म्हणजे खऱ्या आकाराचा सुमारें साठावा भाग होतो. याच हिशेबानें तीन मीटर उंचीचा हत्ती पांच सेंटिमीटरांचा, आणि शहामृग जेमतेम चार सेंटिमीटरांचा होईल. प्रमाण चुकलें तर शिकारी आणि शिकार यांचा मेळ बसत नाहीं आणि पटावरील प्रसंग खोटा वाटूं लागतो.

दुसरी गोष्ट निवडीची. पाचोऱ्यासारख्या गांवीं बसून कोणते प्राचीन पशु गोळा करावे? दुकानांतील पेट्यांत बहुधा परदेशींचे प्राणी असतात. परंतु पाचोऱ्याहून आगगाडीनें मुंबईच्या दिशेनें जातां लागणाऱ्या चाळीसगांवच्या तालुक्यांत, सातमाळा डोंगराच्या पायथ्याशीं, पाटणें नांवाचें गांव आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या शिलालेखामुळें तें विद्वानांना पूर्वींच ठाऊक होतें. तेथें १९७२-७३ सालीं पुरातत्त्वज्ञ एस्. ए. साळी यांनीं उत्खनन केलें, तेव्हां दगडी हत्यारांसह शहामृगाच्या अंड्यांच्या कवचांचे तुकडे निघाले. कांहीं तुकड्यांचे मणी केलेले होते, कांहीं मणी अर्धवटच राहिले होते, आणि एका तुकड्यावर समांतर रेघांच्या मध्यें तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा कोरलेल्या आढळल्या. या कवचांचें वय सुमारें २५,००० वर्षें ठरलें आहे. ज्या खानदेशांत आज कापूस आणि केळी पिकतात, त्या खानदेशांत शहामृग वावरत होता, आणि त्याच्या अंड्यावर बारीक नक्षी काढणारा कारागीरहि होता. चार सेंटिमीटरांच्या प्रतिमेवर कुंचला चालविणाऱ्या हौशी माणसाला याहून जवळचा पूर्वज कोठें मिळणार?

पशूंच्या लहान प्रतिमा घडविण्याची परंपराहि महाराष्ट्रांत जुनी आहे. अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) जिल्ह्यांत प्रवरेच्या कांठीं दायमाबाद येथें १९७४ सालीं चार धातूच्या वस्तु सांपडल्या : बैलजोडीचा रथ व त्यांत उभा पुरुष, हत्ती, गेंडा आणि रेडा. हत्ती आसनासह सुमारें २५ सेंटिमीटर उंच आहे. गेंडा व रेडा चाकांवर उभे आहेत, आणि चौघांचें मिळून वजन साठ किलोंहून अधिक भरतें. त्यांच्या काळाविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. तथापि ताम्रपाषाणयुगाशीं त्यांचा संबंध सामान्यतः जोडला जातो. गेंडा आज महाराष्ट्राच्या रानांत नाहीं. ज्यानें तो घडविला त्याच्या ध्यानांत मात्र त्या जनावराचें रूप पक्कें बसलेलें दिसतें.

डायनोसॉरांची गोष्ट निराळी. खानदेशाची काळी जमीन ज्या कातळापासून झाली, तो सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं थरावर थर पसरलेल्या लाव्ह्याचा आहे. म्हणून त्या पशूंचीं हाडें नांगराच्या फाळाला लागण्याची आशा येथें धरूं नये. महाराष्ट्रांत तीं मिळतात तीं पूर्वेकडे, चंद्रपूर जिल्ह्यांत, या लाव्ह्याच्या थरांखालच्या खडकांत. तेथील डोंगरगांव येथें मिळालेल्या अवशेषांवरून १९९७ सालीं एका शाकाहारी महाकाय प्राण्याचें वर्णन प्रसिद्ध झालें. हें संशोधन कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचें. तिच्या आद्याक्षरांवरून २००३ सालीं त्या प्राण्याला ‘इसिसॉरस’ हें नांव मिळालें. मराठी संग्राहकाच्या मेजावर पहिला मान वास्तविक याचा आहे.

आतां रंगाचा विचार. प्रथम प्रतिमा साबणाच्या पाण्यानें धुवून वाळवावी व तिच्यावर अस्तराचा पातळ हात द्यावा. मूळ रंग वाळल्यावर गडद रंग पुष्कळ पातळ करून अंगावर ओघळूं द्यावा, म्हणजे तो सुरकुत्यांत सांचून सावली देतो. शेवटीं जवळजवळ कोरड्या कुंचल्यानें फिकट रंग उंचवट्यांवरून फिरवावा. प्रतिमा घरींच काळ्या मातीची करावयाची असेल तर कुंभाराप्रमाणें तींत राख मिसळावी. कारण ही माती वाळतांना आकसते आणि प्रतिमेला भेगा पडतात.

परंतु रंग कोणता द्यावा? हा प्रश्न कौशल्याचा नसून प्रामाणिकपणाचा आहे. शहामृगाच्या बाबतींत उत्तर बरेंच निश्चित आहे. राजस्थान व मध्यप्रदेश येथील प्राचीन कवचांतील जनुकद्रव्य आफ्रिकेच्या शहामृगाशीं जुळतें, असें २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या भारतीय संशोधनांत दिसून आलें. तेव्हां नर काळा व पंखाशेपटीला पांढरा, मादी धुरकट तपकिरी, असें रंगविण्यास आधार आहे. चीनमधील ‘सायनोसॉरॉप्टेरिक्स’ या लहान डायनोसॉराच्या अश्मीभूत पिसांतील रंगकणांवरून त्याच्या शेपटीवर तांबूस व पांढरे पट्टे होते, असें २०१० सालीं दाखविण्यांत आलें. इसिसॉरसाविषयीं मात्र असा पुरावा नाहीं. तेथें हत्तीगेंड्यांप्रमाणें मळकट रंग, पाठ गडद व पोट फिकें, एवढें अनुमान पुरें. त्यापलीकडे जें रंगवावें तें कल्पनेचें.

खेळांत शिकारी आणि इसिसॉरस समोरासमोर उभे करण्यास कोणाची हरकत नाहीं. बुद्धिबळाच्या पटावर उंट तिरपा चालतो, म्हणून तो वाळवंटांतहि तसाच चालतो असें कोणी मानीत नाहीं. परंतु त्या दोघांच्या मध्यें सहा कोटींहून अधिक वर्षें गेलीं आहेत, हें खेळणाऱ्या मुलाला सांगितलें गेलें पाहिजे. नाहींतर विनोदानें मांडलेला डाव त्याच्या मनांत इतिहास होऊन बसतो. यास सोपा उपाय आहे. प्रत्येक प्रतिमेच्या बैठकीखालीं एक चिठ्ठी डकवावी. तीवर प्राण्याचें नांव, अवशेष मिळाल्याचें ठिकाण आणि काळ लिहावा. शेवटीं ‘रंग आधारानें’ किंवा ‘रंग कल्पनेनें’ एवढे दोन शब्द घालावे. असा संग्रह लहान असला तरी चालेल. पाटण्याचा शहामृग, दायमाबादचा गेंडा आणि डोंगरगांवचा इसिसॉरस, एवढे तीन पशु घरीं झाले तरी सुटीच्या दिवसांत मुलांना विचारण्यासारखें आणि वडिलांना सांगण्यासारखें पुष्कळ निघेल.