नायसियात शुभवर्तमानांवर मतदान झाले नव्हते

ख्रिस्ती धर्मग्रंथांचा विषय निघाला की कोणीतरी ठासून सांगतोच: येशूची ऐंशीहून जास्त चरित्रे, म्हणजे शुभवर्तमाने, होती, सम्राट कॉन्स्टंटाइनने इ.स. 325 मध्ये नायसियाला परिषद भरवली, मतदान घेतले, सोयीची चार ठेवली आणि बाकीची जाळली. आधार विचारला की बहुधा 'द दा विंची कोड' निघते. ती 2003 सालची कादंबरी आहे. कादंबरी!

परिषदेत काय झाले ते पुरेसे ठाऊक आहे. मुख्य वाद एरियस या धर्मगुरूचा. पुत्र (येशू) हा पित्याने (देवाने) निर्माण केलेला, असे तो म्हणे. शिवाय ईस्टर कधी पाळायचा, हा प्रश्न होता. परिषदेचे 20 नियम आज वाचता येतात. बिशपांच्या नेमणुकीपासून व्याजाचा धंदा करणाऱ्या धर्मगुरूंपर्यंत बरेच काही त्यांत आहे. मान्य ग्रंथांची यादी नाही. कॉन्स्टंटाइनने जाळायला सांगितले ते एरियसचे लिखाण.

मग ही कथा आली कुठून? नवव्या शतकाच्या अखेरीच्या 'सिनोडिकॉन वेतुस' या ग्रीक संकलनात एक दंतकथा आहे: सारे ग्रंथ वेदीपाशी ठेवून प्रार्थना केली, तेव्हा अस्सल वर राहिले आणि बनावट खाली गेले. म्हणजे परिषदेनंतर साडेपाचशे वर्षांनी लिहिलेला चमत्कार. पुढे फ्रेंच लेखक व्होल्तेरने त्याची थट्टा केली आणि ती कथा युरोपभर पसरली.

खरी चाळणी कॉन्स्टंटाइनच्या कितीतरी आधी सुरू झाली होती. लियाँचा बिशप इरेनेयस 180 च्या सुमारास चारच शुभवर्तमाने मानतो. त्याच शतकाच्या अखेरीस अंत्युखियाचा बिशप सेरापियन याने 'पेत्राचे शुभवर्तमान' न वाचताच वाचायला परवानगी दिली आणि नंतर वाचल्यावर हरकत घेतली (परीक्षणे तेव्हाही अशीच होत असावीत). पौलाच्या नावावरच्या कथा रचणाऱ्या आशिया प्रांतातल्या धर्मगुरूला पद सोडावे लागले, असे ख्रिस्ती लेखक तर्तुलियन नोंदवतो. यांपैकी कोणाच्याही पाठीशी राजसत्ता नव्हती. उलट 303 मध्ये रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या हुकुमाने ख्रिस्ती लोकांचेच ग्रंथ जाळले जात होते. आणि नव्या कराराच्या 27 पुस्तकांची आजची नेमकी यादी प्रथम दिसते ती बिशप अथानेशियसच्या 367 च्या पत्रात. नायसियात सगळे ठरून गेले असते, तर 42 वर्षांनी त्याला ती मांडायची गरज का पडली?

अमान्य ठरलेले सारे दडपले गेले, हेही खरे नाही. येशूची आई मरिया हिच्या आईवडिलांची नावे नव्या करारात कुठेच नाहीत. अन्ना आणि योआकिम हे उतारवयातले निपुत्रिक जोडपे येते दुसऱ्या शतकात याकोबाच्या नावावर लिहिलेल्या कथेतून. सहाव्या शतकातल्या एका लॅटिन यादीने ती अमान्य केली. तरी अन्नाचे सण आणि चर्चेस सर्वत्र आहेतच. गोव्यात तिसवाडीतल्या तळावलीला तिच्या चर्चमध्ये जुलैत तवशांचे फेस्त भरते आणि मूल व्हावे म्हणून जोडपी तिला तवशी वाहतात. अशा दडपशाहीला काय म्हणावे?

आता उरलेले गैरसमज झटपट. मृत समुद्राच्या गुंडाळ्यांत एकही शुभवर्तमान नाही. ते ज्यूंचे ग्रंथ आहेत. 'थोमाचे शुभवर्तमान' इजिप्तमध्ये नाग हम्मादीला 1945 मध्ये कॉप्टिक भाषेत सापडले. त्यात 114 वचने आहेत, चरित्र नाही. पेत्राला उलटे क्रुसावर चढवले ही कथा बायबलमध्ये नसून 'पेत्राची कृत्ये' या अमान्य ग्रंथात आहे.

येशूचा शिष्य थोमा याच्या भारतात येण्याची हकीकतही त्या शुभवर्तमानात नाही. ती तिसऱ्या शतकातल्या 'थोमाची कृत्ये' या सिरियाक ग्रंथात येते: हब्बान व्यापाऱ्याने विकत घेतलेला सुतार थोमा गोंडोफरीस राजासाठी महाल बांधायला येतो आणि पैसे गरिबांत वाटून टाकतो. गोंडोफरीसची नाणी भारतीय उपखंडाच्या वायव्येकडे सापडली आहेत. त्यांवरून असा राजा होता एवढे कळते. थोमा त्याला भेटला का, याबद्दल नाणी काही सांगत नाहीत.