मोतीचे नवे घर

वडिलांची बदली होते किंवा धंद्यासाठी दुसऱ्या शहरात जावे लागते. मग घरात सामान बांधण्याची गडबड सुरू होते. आपण कोठे जाणार आणि का जाणार, हे घरातल्या सर्वांना ठाऊक असते. पण घरात कुत्रा असेल, तर त्याला हे कोण सांगणार? त्याला आपली भाषा समजत नाही.

समजा, एक कुटुंब नागपूरहून पुण्याला राहायला निघाले आहे. अंतर सुमारे ७०० किलोमीटर आहे. मोटारीने जवळजवळ पूर्ण दिवस लागतो. बरोबर त्यांचा मोती नावाचा कुत्रा आहे. त्याचा प्रवास सुखाचा कसा होईल?

त्यासाठी कुत्र्याच्या दृष्टीने घर म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ. आपण घर डोळ्यांनी ओळखतो. कुत्रा ते मुख्यतः नाकाने ओळखतो. वास ओळखणाऱ्या पेशी माणसाच्या नाकात काही लाख असतात, तर कुत्र्याच्या नाकात त्या कोट्यवधी असतात. अंगण, उंबरठा, घरातील माणसांचे कपडे या सर्वांचे वास मिळून त्याचे घर बनते. शिवाय जेवण, फिरणे आणि झोप यांच्या ठरलेल्या वेळा त्याला धीर देतात. म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवावी. घर बदलले, तरी ओळखीचे वास, नेहमीच्या वेळा आणि आपली माणसे शक्यतो बदलू नयेत.

तयारी दोन-तीन आठवडे आधी सुरू करावी. प्रथम मोतीला उभ्या असलेल्या मोटारीत बसवून खाऊ द्यावा. नंतर त्याला गाडीतून जवळपास एक फेरी मारून आणावे. मग फेऱ्या हळूहळू लांबवाव्यात. पशुवैद्याकडून त्याची तपासणी करून घ्यावी. रेबीजची लस दिल्याचा दाखला जवळ ठेवावा. गळपट्ट्याला एक बिल्ला अडकवावा आणि त्यावर फोन नंबर लिहावा. मोतीचे अंथरूण मात्र धुऊ नये. त्याला येणारा जुन्या घराचा वास नव्या घरी फार उपयोगी पडतो.

निघण्याच्या दिवशी घराची दारे सताड उघडी असतात. हमाल सामान घेऊन ये-जा करतात. अशा गोंधळात कुत्रा घाबरून पळून जाऊ शकतो. म्हणून त्या वेळी त्याला एका बंद खोलीत ठेवावे व जवळ घरातील एकाने बसावे. निघण्यापूर्वी तीन-चार तास आधी त्याला थोडेसे खायला द्यावे. पोट भरलेले असले, तर गाडी लागण्याचा संभव वाढतो. कानाच्या आतील भाग शरीराचा तोल सांभाळतो. गाडीच्या हेलकाव्यांनी त्याचा गोंधळ उडतो. लहान पिलांना हा त्रास जास्त होतो. कुत्रा लाळ गाळू लागला, वारंवार जांभया देऊ लागला किंवा ओठ चाटू लागला, तर गाडी थांबवून त्याला मोकळी हवा द्यावी.

मोतीला मागच्या सीटवर पट्ट्याने बांधून किंवा हवेशीर पिंजऱ्यात बसवावे. त्याला खिडकीबाहेर डोके काढू देऊ नये. वाऱ्याबरोबर येणारी धूळ व खडे डोळ्यांना इजा करतात. दर दोन-तीन तासांनी थांबावे, पाणी पाजावे आणि त्याला थोडे फिरवावे. मात्र आधी साखळी बांधावी, मगच दार उघडावे. अनोळखी रस्त्यावर सुटलेला कुत्रा सापडणे कठीण असते.

सर्वांत मोठा धोका उन्हाचा आहे. माणसाला अंगभर घाम येतो आणि शरीर थंड होते. कुत्र्याला असा घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून अंगातील उष्णता कमी करतो. बाहेर २४ अंश सेल्सिअस तापमान असले, तरी उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत ते १० मिनिटांत ३४ अंशांच्या आसपास पोहोचते. काच थोडी उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. म्हणून चहापाण्यासाठी उतरताना कुत्र्याला गाडीत एकटे ठेवू नये. कोणीतरी त्याला घेऊन सावलीत थांबावे.

नव्या घरी पोहोचल्यावर प्रथम एका कोपऱ्यात मोतीचे जुने अंथरूण आणि पाण्याचे भांडे ठेवावे. मग त्याला एकेक खोली हुंगू द्यावी. जेवणाच्या व फिरण्याच्या वेळा पूर्वीच्याच ठेवाव्यात. काही दिवस त्याला साखळीशिवाय बाहेर सोडू नये. तो जुने घर शोधायला निघू शकतो. पहिल्या दिवशी त्याने कमी खाल्ले, तर रागावू नये. पण दोन दिवस काहीच खाल्ले नाही, तर पशुवैद्याला दाखवावे.

काही लोक घर बदलताना कुत्र्याला मागेच सोडून जातात. तो बिचारा बंद दारापाशी त्यांची वाट पाहत बसतो. प्राण्याला विनाकारण असे उपाशी-तहानलेले टाकून जाणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. तहानेने व्याकूळ झालेल्या कुत्र्याला विहिरीत उतरून, आपल्या चामडी मोज्यात पाणी आणून पाजणाऱ्या माणसाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. तो कुत्रा त्याच्या ओळखीचाही नव्हता. मोती तर वर्षानुवर्षे आपल्या दारात राखण करत आला आहे. सामानाची यादी करताना त्याची जागा आधी ठरवावी, मग पेट्या मोजाव्यात.