जमिनीच्या पोटातली चूल

आपल्याकडे वज्रेश्वरीला गरम पाण्याची कुंडे आहेत. यात्रेला गेलेली माणसे तिथे अंघोळ करून येतात. पण जिथे ठिकठिकाणी जमिनीतून वाफ निघते, असाही एक देश आहे. त्याचे नाव आइसलंड. उत्तरेच्या समुद्रातले हे एक थंडगार बेट. चला, तिथे जाऊन येऊ.

एवढ्या थंडीत पाणी तापवतो कोण? चूल आहे जमिनीच्या पोटात. या बेटाखाली, खोल जागी, वितळलेल्या खडकाचा रस आहे. कधी कधी तो ज्वालामुखीतून बाहेर पडतो. पावसाचे नि बर्फाचे पाणी भेगांतून खाली मुरते, तापते आणि पुन्हा वर येते.

आता स्ट्रोकुर नावाच्या झऱ्यापाशी उभे राहू. आधी पाणी नुसते हलते. मग फुगते. आणि एकदम माडाएवढे उंच उसळते! दर पाच-दहा मिनिटांनी हा खेळ चालतो. असे का होते? वरच्या पाण्याचे ओझे खालच्या पाण्याला दाबून धरते. तळाशी फार ताप झाला, की त्या पाण्याची वाफ होते. आधणावरचे झाकण उडावे, तसे ती वरचे पाणी उडवते.

झऱ्याभोवती दोरी बांधलेली असते. ती ओलांडायची नाही. पलीकडची जमीन कोरडी दिसते. पण कवच पातळ असले तर पाय आत जातो. खाली उकळते पाणी!

रेक्याविक ही तिथली राजधानी. पूर्वी गावातल्या बायका धुण्याची ओझी पाठीवर घेऊन तीन किलोमीटरवरच्या झऱ्यांवर जात. गरम पाणी फुकट, पण तोल गेला की घात. काही जणींचा त्यात जीव गेला. पुढे तिथे लोखंडी गज बसवले. 1930 साली त्याच भागातले गरम पाणी नळाने शहरात आणले. एका शाळेला ऊब मिळाली. आज त्या देशातली दहापैकी नऊ घरे जमिनीतल्या उष्णतेने उबदार राहतात. पाणी तेच, त्याला वाट करून दिली, एवढेच.

म्हणून आम्ही सांगतो, कोणत्याही गरम कुंडावर गेलात तर एकदम उतरू नका. कुठले पाणी सोसेल, ते तिथल्या माणसांना विचारा. आणि पोराचा हात सोडू नका.