‘रीडिंग, म्युझिक, ट्रॅव्हलिंग’च्या पुढचं वाक्य

मुलाखतीला बसलेल्या पोराला साहेब विचारतात, “व्हॉट आर युअर हॉबीज?” उत्तर बायोडाटात आधीच टाइप केलेलं असतं: रीडिंग, लिसनिंग टू म्युझिक, ट्रॅव्हलिंग. तो ते घडाघडा म्हणून टाकतो. साहेबांचा पुढचा प्रश्न येतो, “व्हिच बुक डिड यू रीड लास्ट?” आणि गाडी तिथेच रुतते. घरी येऊन पोरगा इंग्रजीला दोष देतो. पण हा प्रश्न कुणी मराठीत विचारला असता तरी तो अडलाच असता, कारण त्या यादीतलं काहीच त्याचं स्वतःचं नव्हतं.

परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्याचं वालूर घ्या. इथल्या जुन्या बारवेच्या पायऱ्या वळसे घेत खाली उतरतात. गाळाने आणि कचऱ्याने बुजलेली ही बारव काही वर्षांपूर्वी गावकऱ्यांनी श्रमदानातून मोकळी केली. रोहन काळे यांच्या महाराष्ट्र बारव मोहिमेमुळे अशा ठिकाणांकडे राज्यभर लक्ष गेलं. हातात टोपलं घेऊन अशा बारवेत उतरणाऱ्या तरुणाकडे सांगण्यासारखं केवढं असतं! पण बायोडाटा भरताना तोही ‘ट्रॅव्हलिंग’च लिहून मोकळा होईल. गाळ उपसणं हा कुठे छंद असतो, असं त्याला वाटतं.

हॉबी म्हणजे घोडा

इंग्रजीत ‘हॉबी’ म्हणजे मुळात लहान चणीचा घोडा. त्यावरून पोरांच्या खेळातल्या, काठीला डोकं लावलेल्या घोड्याला ‘हॉबी-हॉर्स’ म्हणू लागले. पुढे माणसाच्या डोक्यात बसलेल्या नादालाही तेच नाव मिळालं. अठराव्या शतकात लॉरेन्स स्टर्नने ‘ट्रिस्ट्रम शँडी’ या कादंबरीत आपल्या पात्रांच्या नादांना हाच शब्द वापरला. कुठेच पोचायचं नसताना मारलेली रपेट, ती हॉबी.

आपल्याकडे तर याला शब्दच शब्द आहेत. छंद, नाद, वेड, हौस, शिवाय मराठवाड्यात सहज तोंडी येणारा शौक. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि कचेरीचा कारभार उर्दूत चाले. कचेरीची ती भाषा गेली, शौक मात्र राहिला. इंग्रजीतही अशा पायऱ्या आहेत. नुसतं आवडत असेल तर ‘आय एन्जॉय इट’, जीव जडला असेल तर ‘आय ॲम फॉन्ड ऑफ इट’ आणि वेडच लागलं असेल तर ‘आय ॲम क्रेझी अबाउट इट’. गप्पांमध्ये ‘हॉबी’ हा शब्द तसा कमीच येतो. लोक विचारतात, “व्हॉट डू यू डू इन युअर फ्री टाइम?”

आवडतं कुणाला, आवडतो कोण?

राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासूनच शिकवतात, त्यामुळे शब्द बहुतेकांकडे असतात. घोळ होतो तो वाक्याच्या बांधणीत. मराठीत ‘मला पोहायला आवडतं’. इथे आवड माझ्याकडे चालत येते. इंग्रजीत ‘मी’ पुढे होऊन ती आवड धरतो: ‘आय लाइक स्विमिंग’. ‘आवडतंय’च्या चालीवर ‘आय ॲम लाइकिंग’ म्हणू नये. ‘आय लाइक व्हेरी मच क्रिकेट’ हेही कानाला खटकतं, कारण ‘व्हेरी मच’ची जागा शेवटी.

दुसरी गंमत क्रियापदांची. आपण कबड्डी खेळतो आणि पखवाज वाजवतो. इंग्रजीत दोन्हींना ‘प्ले’ चालतं, फक्त वाद्याआधी ‘द’ लावायचं: ‘आय प्ले कबड्डी’, ‘आय प्ले द पखवाज’. योगासनांना मात्र ‘डू’, तर पोहायला जाण्याला ‘गो स्विमिंग’.

सर्वांत जास्त पाय घसरतो तो काळात. ‘मी पाच वर्षांपासून पखवाज वाजवतो’ हे आपल्याकडे साध्या वर्तमानकाळात बसतं, म्हणून आपण ‘आय ॲम प्लेइंग सिन्स फाइव्ह इयर्स’ म्हणून जातो. म्हणायचं असतं ते ‘आय हॅव बीन प्लेइंग द पखवाज फॉर फाइव्ह इयर्स’. किती वर्षं हे सांगायचं तर ‘फॉर’, कधीपासून हे सांगायचं तर ‘सिन्स’. हे एक वाक्य पक्कं बसलं, की निम्मी मुलाखत सर होते.

एका छंदाची चार वाक्यं

यादीतले तीन छंद सोडा आणि एकाच छंदाची चार वाक्यं तयार करा. काय करता, कधीपासून, कुठे आणि कुणाबरोबर, आणि त्यातला लक्षात राहिलेला एखादा प्रसंग. पाचवं वाक्य समोरच्याकडे सोपवा: “हाऊ अबाउट यू?” ‘आणि तुमचं काय?’ असं न विचारणारा माणूस पारावरच्या गप्पांतही कंटाळवाणाच ठरतो.

आपल्या शब्दांना लाजायचंही कारण नाही. भजनी मंडळाला इंग्रजी नाव शोधत बसू नका. ‘भजनी मंडळ’ म्हणा आणि जोडून सांगा, ‘वी सिंग टुगेदर ॲट द टेंपल ऑन एकादशी’. बारवेला ‘स्टेपवेल’ हा शब्द आहेच, पण आधी ‘बारव’ म्हटलं तर समोरचा थांबून विचारतो आणि गप्पा पुढे सरकतात.

ही चार वाक्यं जमवणं सर्वांत अवघड जातं ते घरातल्या बाईला. “मला मेलीला कसला आलाय छंद?” असं म्हणता म्हणता तिचा हात जुन्या लुगड्यांच्या गोधडीवर चालूच असतो. रंग कुठला कुठे लावायचा, टाका किती बारीक घालायचा, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. कामाच्या रगाड्यात तिने स्वतःपुरता काढलेला हा वेळ आहे, पण घरात त्याची गणती कामातच होते. तिची कॉलेजात जाणारी लेक इंग्रजी बोलायचा सराव करत असेल, तर तिने सुरुवात आईपासून करावी. शेजारी बसून विचारावं, कधीपासून शिवतेस, कुणाकडून शिकलीस, पहिली गोधडी कुणासाठी शिवलीस? उत्तरं मराठीत येतील. त्यांचं इंग्रजी करणं हाच सराव: ‘माय मदर हॅज बीन मेकिंग गोधडीज सिन्स शी वॉज अ गर्ल.’ हे वाक्य तिने आईला पुन्हा मराठीत सांगावं. आई टाका घालता घालता एखादी चूक दुरुस्त करील, इंग्रजीतली नव्हे, गोधडीतली.