जोडाक्षरे जुळवणारी सामायिक लायब्ररी

नाशिकजवळील ‘देवळाली कॅम्प’ हे नाव संगणकाच्या पडद्यावर उमटते, तेव्हा त्यातील ‘म्प’ हे जोडाक्षर आयते साठवलेले नसते. युनिकोडमध्ये ‘म’, हलन्तचिन्ह आणि ‘प’ अशा तीन नोंदी असतात. फाँटमधील नियमांनुसार त्यांची जुळणी करण्याचे काम ‘हार्फबझ’ ही मुक्त लायब्ररी करते. लिब्रेऑफिसने २०१७ मधील ५.३ या आवृत्तीपासून सर्व संगणकप्रणालींवर तिचाच स्वीकार केला.

अशी लायब्ररी प्रत्येक प्रोग्रामसोबत द्यावी की एकदाच स्थापित करावी, हा पॅकेज तयार करणाऱ्यांपुढील कळीचा प्रश्न आहे. मोझिला वितरित करत असलेल्या फायरफॉक्समध्ये तिची स्वतंत्र प्रत असते. मात्र प्रती वाढल्या, की दोष आढळल्यावर प्रत्येक प्रत निराळी दुरुस्त करावी लागते. एखादी राहून गेल्यास तेच नाव एका प्रोग्राममध्ये शुद्ध, तर दुसऱ्यात मोडलेले दिसू शकते.

म्हणूनच डेबियनसारख्या लिनक्स प्रणालीत हार्फबझचे पॅकेज वेगळे असते. लिब्रेऑफिसच्या पॅकेजमध्ये केवळ तिच्या आवश्यकतेची नोंद असते; लायब्ररी संगणकावर नसल्यास ती आपोआप आणली जाते. एकदा केलेल्या दुरुस्तीचा लाभ तिच्यावर विसंबलेल्या सर्व प्रोग्रामना मिळतो.

अर्थात, सामायिक सोयीची जोखीमही सामायिकच. नव्या आवृत्तीत जुनी सुविधा वगळली, तर अनेक प्रोग्राम एकाच वेळी अडतात. त्यासाठी लायब्ररीच्या फाइलनावातच सुसंगततेचा क्रमांक असतो. विसंगत बदल झाल्यास तो वाढवला जातो आणि जुनी व नवी लायब्ररी एकाच संगणकावर नांदू शकतात. हार्फबझचा हा क्रमांक आजही शून्यच आहे.